धार वस्तऱ्याची, जाहिरात पट्ट्याची

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लंडनमध्ये वर्तमानपत्र उघडणाऱ्याला जॉर्ज पॅकवूड चुकवता येत नसे. ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या या दुकानदाराकडे नाव घेण्यासारखा माल दोनच: वस्तरा घासायचा चामड्याचा स्ट्रॉप आणि त्या चामड्याला चोळायचा लेप. पण त्यांच्या जाहिराती तो कशाकशात गुंफी! कधी दोघांचा संवाद, कधी कोडं, कधी गाणं, कधी बोधकथा, कधी नुसताच पाचकळ विनोद. बोथट वस्तऱ्याने सोलवटलेली हनुवटी आणि पॅकवूडच्या स्ट्रॉपने झालेली सुटका, एवढाच काय तो सगळ्यांचा मथितार्थ. १७९६ मध्ये त्याने या जाहिराती गोळा करून ‘पॅकवूड्स व्हिम’ नावाचं पुस्तकच काढलं. म्हणजे लोकांनी जाहिरातीही पैसे मोजून वाचाव्यात अशी सोय केली. इतिहासकार नील मॅकेन्ड्रिक यांनी ‘द बर्थ ऑफ अ कन्झ्यूमर सोसायटी’ या १९८२ च्या ग्रंथात पॅकवूडवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. ग्राहकांच्या नव्या जगाची मुळं शोधताना जोसाया वेजवूडच्या भांड्यांच्या शेजारी त्यांना या स्ट्रॉपवाल्याला जागा द्यावीशी वाटली.

वस्तू मात्र एवढा गाजावाजा सोसण्याइतकी मोठी नाही. हात-दीड हात लांबीची, दोन ते तीन इंच रुंदीची चामड्याची पट्टी, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. बहुतेक पट्ट्यांना चामड्याच्या मागे तितकाच लांब जाड कापडाचा पट्टा जोडलेला असतो. साठी ओलांडलेल्या वाचकांना न्हाव्याच्या धोकटीतला किंवा सलूनच्या खुर्चीला लटकणारा, हात लागून लागून काळपट झालेला पट्टा आठवत असेल. दाढीआधी वस्तरा त्यावर दहा-पाच वेळा इकडून तिकडे फिरायचा आणि मग गालाला लागायचा. ते फिरणं नेमकं कशासाठी, हे गिऱ्हाइकाने विचारलं नाही आणि कारागिरानेही कधी सांगितलं नाही.

उत्तर वस्तऱ्याच्या घडणीत आहे. वस्तऱ्याच्या पात्याची पाठ जाड असते आणि तिथून धारेपर्यंत ते निमुळतं होत जातं. दगडावर असो वा पट्ट्यावर, वस्तरा नेहमी पाठ आणि धार दोन्ही टेकवूनच घासायचा असतो. त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनीच तो ठरवलेला असतो, साधारण १६ ते १८ अंशांचा. स्वयंपाकघरातल्या सुरीला ही सोय नाही, म्हणून सुरीला धार लावताना हात डळमळला की कोन बिघडतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा. तो न ओढता कापायचा तर पात्याची कड एका मायक्रॉनच्याही आत लागते. एवढं पातळ पोलाद एका दाढीतही वाकतं, आणि साबणाचा थर व ओलावा राहिला तर त्यावर गंजाचे सूक्ष्म ठिपके धरतात. पट्ट्याने ही कड पुसायची आणि सरळ करायची, अशी पारंपरिक समजूत.

समजूत म्हणायचं कारण असं की प्रयोगशाळेने तिला सरळ होकार दिलेला नाही. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांनी २००४ मध्ये सुऱ्यांच्या धारेवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पद्धतशीर प्रयोग केले. दगडावर घासलेलं पातं नुसत्या कोऱ्या चामड्यावर ओढून धारेत त्यांना फारसा फरक दिसला नाही. त्याच चामड्याला क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा लेप लावल्यावर मात्र कड स्पष्टपणे सुधारली. (हेच व्हरहोव्हन एरवी ओळखले जातात ते दमास्कस तलवारींच्या पोलादाचं, म्हणजे आपल्या दक्षिणेतून जाणाऱ्या वूट्झचं, गूढ उकलण्याच्या कामासाठी.) पॅकवूड पट्ट्याबरोबर लेपही विकत होता, तेव्हा त्याच्या बढाईत थोडं तथ्य होतं म्हणायचं. पण व्हरहोव्हन यांचा प्रश्न दगडावरून उतरलेल्या पात्याचा होता. कालच्या दाढीत वाकलेल्या आणि साबण सुकलेल्या धारेचा प्रश्न वेगळा. रोज वस्तरा वापरणाऱ्या कुणालाही पट्टा न मारता दाढी करायला सांगा. पहिल्या फटकाऱ्यातच केस ओढल्यासारखा होतो, हे तो शपथेवर सांगेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काही हरकत नाही.

पट्ट्याची मर्यादा मात्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या एका संशोधनाने चांगली दाखवली. जानलुका रोशोली आणि सी. जेम ताशान यांच्या चमूचा हा निबंध ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. रोशोली यांनी साध्या रेझरने स्वतःची दाढी करायची आणि प्रत्येक दाढीनंतर पातं सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, असा क्रम ठेवला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरीही धार हळूहळू गोल होऊन बोथट होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडालेले दिसले. कापताना केस वाकतो, पोलादाची रचना सगळीकडे सारखी नसते, आणि या दोन्हींचा नेमका मेळ पडला की तिथे ताण साचून कड फुटते. वाकलेली कड चामडं सरळ करील. उडालेला टवका भरून काढणं त्याच्या हातात नाही. तिथे दगडच लागतो. ‘आमच्या पट्ट्याने दगडाची गरजच उरणार नाही’ असं सांगणारे विक्रेते आजही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पॅकवूडनंतर लंडनला दुसरा स्ट्रॉपसम्राट मिळाला तो जॉन जोसेफ मेकी. लेडनहॉल स्ट्रीटवर त्याचं दुकान, आणि मालाचं नाव ‘मॅजिक रेझर स्ट्रॉप’. जादू होती की नाही कोण जाणे, पण १८३० ते १८४० या दहा वर्षांत त्यावर मेकीने गडगंज पैसा केला. १८४१ मध्ये एसेक्समधल्या टिपट्री इथे त्याने सुमारे १३० एकरांची नापीक जमीन घेतली आणि तिथे निचरा, खत, वाफेची यंत्रं असे शेतीचे प्रयोग आरंभले. ते पाहायला दूरदूरचे लोक येत. पुढे तो लंडनचा शेरीफ झाला, आल्डरमन झाला. पण याच सुमारास क्रिमियाचं युद्ध झालं. थंडीत कुडकुडणारे सैनिक दाढ्या वाढवून परतले आणि इंग्लंडभर दाढीची फॅशन पसरली. हनुवट्या झाकल्या गेल्यावर स्ट्रॉपला विचारतो कोण? त्यात मेकीचा संबंध असलेली बँक बुडाली. डिसेंबर १८८० मध्ये त्याचे व्यवहार दिवाळखोरीत निघाले आणि त्याच महिन्यात तो वारला.

अमेरिकेत याच काळात हेन्री स्मिथ नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ओरडून स्ट्रॉप विकत होता. ‘असेच अजून थोडेच उरलेत’ या अर्थाची त्याची आरोळी इतकी गाजली की १८४८ मध्ये त्याचं चरित्र छापून निघालं. मधल्या वेळात तो दारूबंदीवर व्याख्यानं देई. थोडेच उरलेले पट्टे अर्थातच कधी संपले नाहीत.

आज वस्तऱ्याने स्वतःची दाढी करू पाहणारा माणूस दुकानात किंवा इंटरनेटवर पट्टा शोधू लागतो, तेव्हा हे तिघेही वेगवेगळ्या नावांनी त्याच्याभोवती उभे राहतात. चामडी तरी किती: गाय, म्हैस, घोडा, अगदी कांगारूसुद्धा. किमती काही शेकड्यांपासून थेट पाच आकड्यांपर्यंत. सगळ्यात मानाचं चामडं समजलं जातं ते शेल कॉर्डोव्हन. हे घोड्याच्या कातडीचं वरचं अंग नसतं. पुठ्ठ्याकडच्या भागात कातडीच्या आत तंतूंचा एक अतिशय घट्ट थर असतो, तो सोलून काढतात. एका घोड्यामागे असे अंडाकृती तुकडे मिळतात दोन. शिकागोच्या हॉरवीन लेदर कंपनीत ते तयार व्हायला किमान सहा महिने लागतात. ही कंपनी आयझॅडोर हॉरवीन या स्थलांतरिताने १९०५ मध्ये काढली आणि तिच्या कॉर्डोव्हनचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वस्तऱ्याचे पट्टे करणारे. मुहूर्त वाईट होता. जिलेटचा सेफ्टी रेझर दोनच वर्षांपूर्वी बाजारात आला होता. पट्ट्यांची मागणी आटली, तसं हेच चामडं उंची बुटांकडे वळलं. कंपनी आजही चालू आहे आणि अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूंचं चामडंही तिथूनच जातं. एकेकाळी टॅनऱ्यांनी गजबजलेल्या शिकागोत आता तेवढी एकच उरली आहे.

जपानमध्ये हिमेजीला घोड्याचं असंच चामडं होतं. जर्मन पट्ट्यांवर ‘युख्टन’ असा शिक्का दिसतो. रशियात बर्च झाडाच्या तेलात मुरवलेल्या चामड्याशी त्याचं नातं सांगतात. मूळ रशियन चामडं किती टिकाऊ, याचा पुरावा समुद्राने दिला. सेंट पीटर्सबर्गहून जेनोव्हाला निघालेलं ‘मेट्टा कॅथरिना’ हे जहाज १७८६ च्या डिसेंबरात प्लिमथजवळ बुडालं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं तेव्हा चिखलात रुतलेल्या रेनडिअरच्या कातड्यांच्या गठ्ठ्यांतलं बरंच चामडं धडधाकट होतं. जवळजवळ १८७ वर्षं पाण्याखाली राहिलेल्या त्या चामड्याचे पुढे बूट आणि पाकिटं झाली.

या कहाण्या ऐकायला छान. नवख्याने मात्र त्या ऐकाव्यात आणि गायीच्या किंवा म्हशीच्या साध्या चामड्याचा स्वस्त पट्टा घ्यावा. कारण पहिल्या महिन्यात तो त्याला कापणार आहे. बघायचं ते एवढंच की चामडं हिरड्या-बाभळीसारख्या वनस्पतींच्या साली-फळांत कमावलेलं असावं, पृष्ठभाग सपाट असावा आणि जाडी सगळीकडे सारखी. हाताने ओढून ताणलं की पट्टा लांबत असेल, मध्येच पोटाकडे झुकत असेल, तर तो परत ठेवावा. झुकलेल्या पट्ट्यावर धार गोल होते. रुंदी तीन इंच मिळाली तर उत्तम, कारण बहुतेक पाती त्याच सुमाराची असतात आणि वस्तरा सरळ ओढता येतो. जुन्या पद्धतीच्या दोन-अडीच इंची पट्ट्यावर पातं तिरपं सरकवत न्यावं लागतं, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत सगळी धार चामड्याला लागते. हे तिरपं सरकवणं एकदा हाताला बसलं की रुंद पट्ट्यावरही उपयोगी पडतं, विशेषतः धार किंचित बाकदार असलेल्या जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांना. शिवाय दर चामड्याची ओढ निराळी. काहींवर वस्तरा पाण्यावरून गेल्यासारखा सुळकन जातो, काही त्याला धरून ठेवतात. कुठली चांगली यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. हाताला ओढ कळली पाहिजे, इतपत ती असावी.

महाराष्ट्रात असं चामडं मिळायला अडचण नसावी. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचा पट्टा महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे असा पसरला आहे. चपलेचा तळ मात्र वस्तऱ्यासाठी फार जाड आणि ओबडधोबड. तीन मिलिमीटरच्या आसपासचा, शिरा न दिसणारा तुकडा निवडून कापून घेतला तर तो दिसायला गावठी असेल, कामाला कमी नसेल.

पण हे कापून मागणार कोण? सलूनमधून पट्टा केव्हाच गेला. आज कारागीर नवं ब्लेड कागदी वेष्टणासकट बोटांत धरून मधोमध मोडतो, एक अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. मूठ तीच, नावही वस्तराच. धार मात्र कारखान्यातून येते आणि दाढी झाली की डब्यात जाते. एड्सच्या धास्तीने आणि त्यासोबत आलेल्या प्रचाराने हे ब्लेड घरोघर माहीत करून दिलं. ‘नवीन ब्लेड लावा’ हे वाक्य गिऱ्हाईक खुर्चीत बसता बसता बोलू लागलं. त्याबद्दल हळहळ नको. एकच वस्तरा आणि एकच पट्टा दिवसभर साऱ्या गावाच्या गालांवरून फिरवण्यात रोग पसरण्याचा धोका खराच होता. पट्टा स्वच्छ धुता येत नाही. पाण्याने तो खराब होतो. म्हणून पारंपरिक वस्तरा आता शोभतो तो स्वतःच्या न्हाणीघरात, एका माणसापुरता.

सेफ्टी रेझरने पट्टा एका फटक्यात मारला असंही नाही. किंग कॅम्प जिलेटच्या कंपनीने १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली. पुढेही बऱ्याच लोकांना फेकायच्या ब्लेडची कल्पनाच उधळपट्टी वाटे. त्या कंजूसपणावर हेन्री गेसमन यांनी कंपनी उभारली. त्यांच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ रेझरमध्ये ब्लेड न काढता आरपार चामडी पट्टा ओवायचा आणि रेझर मागेपुढे हलवायचा. ब्लेड आपोआप पलटत घासलं जाई. १९३० मध्ये जिलेटने नवं ब्लेड आणलं आणि पेटंटवरून गेसमन यांच्याशी तंटा जुंपला. शेवटी दोन्ही कंपन्या एक झाल्या. विलीनीकरणाच्या वेळी जिलेटच्या हिशेबात नफा फुगवून दाखवल्याचं उघड झालं आणि अध्यक्षपद गेसमन यांच्याकडे गेलं. म्हणजे ब्लेडच्या साम्राज्याचा ताबा काही काळ स्ट्रॉपवाल्याकडेच होता!

इंग्लंडमधला ‘रोल्स रेझर’ याहून देखणा. चकचकीत धातूची चपटी डबी. तिच्या एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं, आणि मध्ये जाड पातं. झाकण काढून दांडा पुढेमागे केला की पातं खटक-खटक आवाज करत दोन्ही अंगांनी पलटत घासलं जाई. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो फार चालला. १९५० च्या दशकाअखेर धंदा बसला तेव्हा जॉन ब्लूम या तरुण विक्रेत्याने ती कंपनी घेतली आणि तिच्या नावावर घरोघर स्वस्त धुलाईयंत्रं विकली. जुलै १९६४ मध्ये तीही कोसळली. स्ट्रॉपच्या धंद्यातली माणसं शेवटी भलत्याच मालाकडे वळतात, असा आकृतिबंध दिसतो खरा: मेकी शेतीकडे, हॉरवीन चेंडूकडे, रोल्स धुलाईकडे.

एवढ्या जाहिरातींच्या ढिगात न सापडणारी गोष्ट म्हणजे मनगट. पट्ट्याची कडी खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या कडीला अडकवायची. डाव्या हाताने मूठ धरून पट्टा ताणायचा. झोळ पडता कामा नये, पण मुठीची शीरही फुगायला नको. वस्तऱ्याची मूठ पात्याच्या रेषेत सरळ उघडून त्याचा मागचा दांडा अंगठा आणि तर्जनी यांत हलका धरायचा. पाठ आणि धार दोन्ही चामड्यावर टेकवायची आणि वस्तरा पाठ पुढे ठेवून ढकलायचा, धार मागून यावी. टोकाशी पोचला की थांबायचं. पाठ चामड्यावरून उचलायची नाही. त्या पाठीवरच वस्तरा बोटांत लाटून उलटा करायचा, धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. मग परत, पुन्हा पाठ पुढे. मनगट वळत नाही, बोटंच फिरतात.

सिनेमात न्हावी पट्ट्यावर वस्तरा सटासट आपटतो, तो दिग्दर्शकाचा आग्रह. नीट मारलेल्या पट्ट्याचा आवाज घासल्याचा येतो, एकसारखा. मध्येच तो बदलला तर समजावं, पाठ उचलली गेली किंवा हात जड झाला.

चूक बहुधा पट्ट्याच्या लांबच्या टोकाशी होते. वस्तरा थांबायच्या आधीच हात उलटवायला जातो, धार चामड्यात रुतते आणि नखाच्या आकाराची चंद्रकोर कापली जाते. नव्या माणसाच्या पट्ट्यावर अशा दोन-तीन कोरी ठरलेल्या. पट्टा फेकण्याची गरज नाही. उचललेला पापुद्रा डिंकाने चिकटवायचा, वाळल्यावर प्युमिस दगडाने किंवा बारीक काचकागदाने ती जागा सपाट करायची. कड वर राहिली तर पुढच्या प्रत्येक फेरीत ती धारेला लागेल. घाई ही खरी अडचण. वेग आपोआप येतो, तो मुद्दाम आणला की चंद्रकोर आलीच.

दाढीआधी कापडी अंगावर वीसेक फेऱ्या आणि चामड्यावर पन्नास-साठ, असा बहुतेकांचा रिवाज. जाणे-येणे मिळून एक फेरी धरायची. कापड धारेवरचा मळ आणि ओल काढतं, चामडं पुढचं काम करतं. दाढीनंतर वस्तरा धुऊन, पुसून, कापडावर थोडा फिरवून ठेवायचा, म्हणजे धारेवर पाणी सुकत नाही. पूर्वी युरोपात आठवड्याच्या सात वारांची नावं कोरलेले सात वस्तऱ्यांचे संच मिळत. धारेला ‘विश्रांती’ लागते, हे त्यामागचं स्पष्टीकरण. एकच वस्तरा कोरडा ठेवून रोज वापरणाऱ्यांचंही उत्तम चालतं, त्यामुळे सात वस्तऱ्यांची हौस सोनारालाच परवडणारी.

लेप लावायचाच असेल तर त्यासाठी वेगळी पट्टी ठेवावी. अर्ध्या मायक्रॉनचा हिरवा क्रोमियम ऑक्साइड, लाकडी फळीवर ताणलेल्या चामड्यावर, महिन्या-दीड महिन्यातून दहा-बारा फेऱ्या. रोजच्या पट्ट्यावर लेप गेला की तो निघत नाही, आणि रोज लेपावर घासलेली धार हळूहळू आपला आकार बदलते. पट्ट्याला तेल पाजण्याची घाईही नको. वापरण्याआधी कोरड्या तळहाताने तो चोळला तरी हाताचा स्निग्धपणा त्याला पुरतो. वर्षा-सहा महिन्यांत चामडं फार कोरडं वाटलं तर नीट्सफूट तेलाचे दोन थेंब, तेही फडक्याने. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पट्टा बंद कपाटात ठेवला तर बुरशी धरते. उघड्यावर टांगलेला बरा, उन्हात मात्र नाही.

इतकं करूनही एक दिवस वस्तरा ओढू लागतो. पट्टा दुप्पट मारून पाहिला, लेपाची पट्टी झाली, तरी गालाला चुरचुर राहतेच, तेव्हा धारेचे टवके उडालेले असतात. मग नवा पट्टा मागवण्यात अर्थ नाही. वस्तरा दगडावर घ्यावा लागतो, बेल्जियमच्या पिवळ्या कोटिक्यूलवर असो की पाण्यात भिजवायच्या जपानी दगडावर. आणि पहिल्या वेळी तरी तो दगड जाणणाऱ्याच्या हातात द्यावा.